भिंत सावकाश निघावी म्हणून

कमी वेगासाठी मराठीत निदान तीन शब्द नेहमीच्या वापरात आहेत, आणि तिन्हींचा अर्थ एक नाही. ‘मंद’ म्हणजे ज्यात काही उणे आहे असे: मंद दिवा, मंद बुद्धी, मंदाग्नी. ‘संथ’ हे मुळात पाण्याला शोभणारे विशेषण. संथ प्रवाहाचा वेग कमी असतो, पण त्याचा ओघ कुठे तुटत नाही. ‘सावकाश’ या शब्दात तर वेगाचा उल्लेखच नाही. स-अवकाश, म्हणजे ज्याच्यापाशी अवकाश आहे, मोकळीक आहे, तो. सावकाश चालणाऱ्या माणसाच्या पायांत जोर कमी असतो असे कुणी म्हणणार नाही. विजेच्या मोटरीला मंद करणे कुणालाही जमते. वाटेत एखादा अडथळा घातला की ती मंद होते. तिला सावकाश चालवणे ही निराळी गोष्ट आहे. आम्ही चौघे काही महिने याच निराळ्या गोष्टीत गुंतून पडलो होतो. त्यातून जे हाती आले ते येथे मांडतो आहोत. वाचकांपैकी पुष्कळांना मोटरीशी कर्तव्य नसेल, तरी हा प्रश्न केवळ मोटरीचा आहे असे आम्हांस वाटत नाही.

पुण्याच्या गणेशोत्सवात हलत्या देखाव्यांची एक स्वतंत्र परंपरा आहे, आणि ज्ञानेश्वर-चांगदेव भेटीचा प्रसंग हा त्या परंपरेतला हक्काचा विषय. कथा सर्वांना ठाऊक आहे. मायना काय लिहावा हे न सुचल्याने चांगदेवांनी कोरेच पत्र धाडले. त्याला पासष्ट ओव्यांचे उत्तर गेले. मग चांगदेव वाघावर बसून, हाती सापाचा चाबूक घेऊन भेटीला निघाले, आणि ज्या भिंतीवर चारी भावंडे बसली होती ती भिंतच त्यांना सामोरी गेली. आळंदीला ती भिंत आजही दाखवतात. आमच्या पेठेतल्या मंडळाच्या देखाव्यात वाघ डावीकडून येतो आणि भिंत उजवीकडून. यांतले वाघाचे काम सोपे आहे. वाघ थोडा झेपावला, थोडा अडखळला, मान जरा जास्तच हलली, तरी तो वाघच वाटतो. भिंतीला ती सवलत नाही. निघताना तिला एक हिसका बसला की तिची हातगाडी होते, वरची चार भावंडे हातगाडीवर बसल्यासारखी डुलतात, आणि मंडपातली पोरे हसतात. ‘जड’ या शब्दाला आपल्याकडे वजनदार आणि अचेतन असे दोन्ही अर्थ आहेत. चांगदेवांची सत्ता सजीवांवर होती. इथे जे हलले ते जड होते, आणि गर्व उतरला तो त्यामुळे. भिंत हिसका देऊन निघाली तर कथा घडत नाही, नुसते यंत्र चालू होते.

आमची भिंत म्हणजे लाकडी सांगाडा, त्यावर प्लायवूड, आणि वर फायबरच्या चार मूर्ती. सगळे मिळून १८० किलोच्या आसपास. खाली चार लोखंडी चाके आणि अँगलचे दोन रूळ. जायचे अंतर आठ फूट, आणि निवेदनात त्यासाठी राखलेला वेळ चाळीस सेकंद. पंचवीस-तीस वर्षे ही भिंत काळ्या पडद्यामागून दोराने ओढली जात होती, आणि ओढणारे हात एकट्या नानांचे होते. नानांचे वय आता शहात्तर. खांदा वर जात नाही, डॉक्टरांनी ओढाओढ बंद करायला सांगितली आहे. दुसऱ्या कुणी दोर ओढून पाहिला नाही असे नाही. पण पाहणाऱ्याला लगेच कळे की मागून कुणीतरी ओढते आहे. मंडळाच्या बैठकीत दोन सूचना आल्या. एक, इतर देखाव्यांत लावतात तशी गाडीची वायपर मोटर लावून मोकळे व्हावे. दुसरी, भिंत काढून तिथे एलईडीचा पडदा लावावा आणि त्यावर चित्रित भिंत चालवावी. ठरले असे की आधी मोटरीची चाचणी घ्यावी, आणि ती हास्यास्पद ठरली तर पडदा आणावा. नानांनी वाद घातला नाही. ते एवढेच म्हणाले, “पोरांनो, मोटर लावा नाहीतर बैल लावा. भिंत निघाली हे लोकांना ती निघाल्यावर कळलं पाहिजे, निघताना नाही.” अभियांत्रिकीच्या कुठल्याही माहितीपत्रकात अशी अट लिहिलेली नसते, पण हिच्याइतकी नेमकी अटही आम्ही वाचलेली नाही.

मोटरीविषयी दोन नियम सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. डीसी मोटरीचा टॉर्क, ज्याला कारागीर नुसता ‘जोर’ म्हणतात, तो तिच्या वाइंडिंगमधून वाहणाऱ्या प्रवाहाच्या प्रमाणात असतो; प्रवाह दुप्पट तर जोर दुप्पट. दुसरे असे की फिरू लागलेली मोटर स्वतःच उलटा विद्युतदाब निर्माण करते, आणि तो तिच्या वेगाच्या प्रमाणात असतो. आपण दिलेल्या दाबातून हा उलटा दाब वजा जातो, आणि जे उरते ते वाइंडिंगच्या रोधातून प्रवाह ढकलते. म्हणून थांबलेली मोटर सर्वांत जास्त प्रवाह ओढते आणि पळणारी सर्वांत कमी. हे दोन नियम भिंतीला लावायचे म्हणून आम्ही आधी भिंत मोजली. हुकाला ताणकाटा लावून ओढले तेव्हा ती जागची हलायला ११ किलोचा ताण लागला, आणि एकदा हलल्यावर चालत राहायला ६ किलो पुरले. जुन्या बाजारातून आणलेल्या वायपर मोटरीच्या वाइंडिंगचा रोध ०.६ ओहम निघाला. दोर गुंडाळण्याचे रीळ बसवून पाहिले तेव्हा भिंत हलवायला ६ अँपिअर आणि चालती ठेवायला साडेतीन अँपिअर प्रवाह लागतो असे दिसले. उलट्या दाबाच्या हिशेबाने या रिळावर दर व्होल्टमागे सेकंदाला २ सेंटीमीटर वेग मिळतो; म्हणजे १२ व्होल्टला २४ सेंटीमीटर. आम्हांला हवे होते फक्त ६.

वरच्या आकड्यांत सारा पेच आहे. जागच्या वस्तूचे घर्षण चालत्या वस्तूच्या घर्षणापेक्षा जास्त असते. आपण दाब हळूहळू वाढवत नेतो, भिंत ढिम्म असते. प्रवाह ६ अँपिअरला पोचतो आणि ती सुटते. सुटताक्षणी तिला साडेतीनच अँपिअर पुरे असतात. उरलेल्या अडीच अँपिअरचे काय होते? ते तिला पुढे फेकतात. किती पुढे, हेही काढता येते. अडीच अँपिअर गुणिले वाटेतला रोध, इतका दाब मोकळा होतो, आणि उलटा दाब तेवढा वाढेपर्यंत मोटर वेग घेते. नुसता मोटरीचाच ०.६ ओहम धरला तर दीड व्होल्ट मोकळा होतो, म्हणजे भिंत एका क्षणात शून्यावरून ३ सेंटीमीटरच्या वेगावर जाते. वाटेत आणखी ०.६ ओहम शिरले तर ही उडी दुप्पट होते: ६ सेंटीमीटर. जो वेग हळूहळू गाठायचा तो एका हिसक्यात आला. हा हिशेब कागदावर मांडल्यावर आमच्या ध्यानात आले की हिसका बसतो तो जोर जास्त झाल्यामुळे नव्हे. विजेचा उगम आणि मोटर यांच्यामध्ये जेवढा रोध असेल, तेवढी उडी मोठी. ड्रायव्हर निवडायचा तो याच दृष्टीने निवडला पाहिजे.

मंडपांतला रुळलेला उपाय नेमका याच्या उलट आहे. मोटर जास्त पळते ना, मग मधे एक रोध घाला. काही जण तर गाडीच्या दिव्याचा बल्बच मधे जोडतात. आम्ही हा उपाय कागदावरच तपासला. ६ सेंटीमीटर वेगाने चालताना उलटा दाब ३ व्होल्ट आणि प्रवाह साडेतीन अँपिअर. म्हणजे एकूण रोध सुमारे २.६ ओहम हवा. पण तेवढा रोध असताना थांबलेल्या मोटरीतून जास्तीत जास्त प्रवाह जाईल तो ४.७ अँपिअरच्या आत. भिंतीला सुटायला ६ लागतात. ज्या वेगाने ती चालायला हवी त्या वेगाची मांडणी केली तर ती मुळी निघतच नाही. आणि निघेल इतका रोध कमी केला, म्हणजे २ ओहम ठेवला, तर निघताच ती १० सेंटीमीटरच्या वेगाने पळते. कुणीतरी मागून धक्का द्यायचा आणि मग मोटरीने सांभाळायचे, एवढाच मार्ग उरतो. काही मंडपांत हेच चालते असे ऐकिवात आहे.

ही दोन मतांची ओढाताण जुनी आहे. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला विजेची पहिली गाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर. ती निघायची कशी? जास्तीचा दाब मोठाल्या रोधांत जाळून. निघताना मोटरी एकीपुढे एक जोडलेल्या असत आणि वाटेत रोध असत; वेग येईल तसतसे रोध टप्प्याटप्प्याने काढत, मग मोटरींची जोडणी बदलत. जुन्या लोकलमधून ज्यांनी उभ्याने प्रवास केला आहे त्यांच्या गुडघ्यांना हे टप्पे ठाऊक असतील. मुंबईच्या उपनगरी मार्गांवरून डीसी शेवटची हटली ती एप्रिल २०१६ मध्ये, हार्बर मार्गावर. दुसरे मत मांडणारे अमेरिकन अभियंते हॅरी वॉर्ड लिओनार्ड यांनी आपली पद्धत १८९१ साली पुढे आणली. त्यांनी मधला रोध काढूनच टाकला आणि त्या मोटरीसाठी वेगळे जनित्र ठेवले. कमी वेग हवा तर जनित्रानेच कमी दाब द्यावा. जास्तीचे घेऊन जाळण्यापेक्षा लागेल तेवढेच निर्माण करावे, हा विचार. खाणींतले पाळणे आणि उंच इमारतींच्या लिफ्ट कित्येक दशके या पद्धतीवर चालल्या, कारण माणसांनी भरलेला पाळणा हिसका देऊन सोडता येत नाही. पद्धत महाग होती. एका मोटरीसाठी आणखी दोन यंत्रे लागत. आज तेच काम तळहातावर मावणारी पट्टी करते. तिलाच बाजारात मोटर ड्रायव्हर म्हणतात. दर सेकंदाला हजारो वेळा ती विजेची उघडझाप करते आणि चालू-बंदच्या प्रमाणातून हवा तो सरासरी दाब मोटरीला देते.

पण तळहातावरच्या सगळ्या पट्ट्या सारख्या नसतात. आमच्या कपाटात एल२९८ची पट्टी होती. ती कुणाच्या कपाटात नसते? महाविद्यालयांचे प्रकल्प तिच्यावर पोसले गेले आहेत. तिच्या माहितीपत्रकात प्रत्येक वाटेला २ अँपिअरची मर्यादा दिलेली आहे, तेव्हा ६ अँपिअरच्या भिंतीसाठी ती विचारातही येत नाही. तरीही ती कशी वागते हे पाहण्यासारखे होते. म्हणून आम्ही एक छोटी प्रतिकृती केली, तिच्यात विटा भरल्या, आणि दीड ओहम रोधाच्या एका गिअर मोटरीला ही पट्टी लावली. प्रतिकृती सुटायला २ अँपिअर लागत होते, म्हणजे वाइंडिंगवर ३ व्होल्ट पडणे आवश्यक होते.

एल२९८ ही जुन्या पद्धतीच्या ट्रान्झिस्टरांची चिप आहे. अशा ट्रान्झिस्टरातून वीज जाताना काही व्होल्ट तो स्वतःच ठेवून घेतो. माहितीपत्रकाप्रमाणे १ अँपिअरला ही घट १.८ ते ३.२ व्होल्ट असते आणि २ अँपिअरला ४.९ पर्यंत जाऊ शकते. आमच्या मापात २ अँपिअरला ३.७ आली. मोटर पूर्ण वेगात असताना १२ पैकी ८.३ व्होल्ट पदरात पडतात, आणि कुणाची तक्रार नसते. आता सावकाश चालवण्यासाठी तीसच टक्के वेळ वीज चालू ठेवली असे समजा. हिशेबाने सरासरी ३.६ व्होल्ट मिळायला हवेत. प्रत्यक्षात चालू काळात ८.३च मिळतात, त्यांचे तीस टक्के म्हणजे अडीच. उरलेल्या सत्तर टक्के काळात मोटरीतला प्रवाह एक ट्रान्झिस्टर आणि एक डायोड यांतून वळसा घेत असतो, आणि तिथेही सुमारे अडीच व्होल्टची घट उलट बाजूने लागते; ती वजा केली की हाती पाऊण व्होल्ट राहतो. एवढ्यावर २ अँपिअर टिकणे शक्य नाही. प्रवाह खाली येतो, तशी घटही थोडी कमी होते, आणि दोन्हींचा मेळ १ अँपिअरच्या जवळपास बसतो. प्रतिकृती जागची हलत नाही, नुसती गुणगुणते.

बाजार समितीतल्या अडतीसारखा हा प्रकार आहे, अशी आम्ही आपापसांत तुलना करत असू. मालाच्या प्रमाणात अडत घेणारा एक असतो. दुसरा म्हणतो, माल कितीही आणा, माझी दोन पोती. शंभर पोती आणणाऱ्याला दोघे सारखेच वाटतात, किंबहुना दुसरा परवडतो. तीन पोती आणणाऱ्याला मात्र कळते की दुसऱ्याकडे गेल्यास घरी एकच पोते परत न्यायचे आहे. ठोक घट ही नेहमी थोडक्या मालाच्या मुळावर येते. पूर्ण वेगाला ड्रायव्हर तपासून जे ‘चालतो’ म्हणतात, त्यांनी शंभर पोतीवाल्याची साक्ष घेतलेली असते.

मॉस्फेट नावाचे जे नवे ट्रान्झिस्टर आहेत ते प्रमाणात अडत घेणाऱ्यांपैकी. चालू असताना ते एखाद्या अतिशय लहान रोधासारखे वागतात. आम्ही निवडलेल्या पट्टीवर बीटीएस७९६० या दोन चिपा आहेत आणि त्यांच्या एका वाटेचा रोध साधारण १६ मिलिओहम. ६ अँपिअरला घट होते ती एक दशांश व्होल्ट. विकणारे या पट्टीला ४३ अँपिअरची म्हणतात. त्या आकड्यावर विसंबू नये. प्रवाह अनावर झाल्यास चिप जिथे स्वतःला आवरते त्या मर्यादेचा तो आकडा आहे, दिवसभर वाहण्याच्या क्षमतेचा नव्हे. ६ अँपिअरसाठी मात्र ती पट्टी हसतखेळत पुरते.

चांगली चिप चुकीच्या पायावर चालवली तर तिचे गुण दिसत नाहीत, हेही नोंदवले पाहिजे. उघडझाप दोन ठिकाणी देता येते. चिपेच्या मुख्य परवानगीच्या पायावर दिली, तर बंद काळात सगळी दारे मिटतात, मोटरीतला प्रवाह डायोडांतून बॅटरीकडे परत लोटला जातो आणि क्षणार्धात विरतो. पुढच्या वेळी त्याला शून्यापासून चढावे लागते. दिशेच्या पायावर दिली, तर बंद काळात खालची दोन्ही दारे उघडी राहतात, प्रवाह मोटरीतल्या मोटरीतच फिरत राहतो आणि फारसा ओसरत नाही. कमी वेगाला जोर हवा तर दुसरी रीत. संथपणा म्हणजे ओघ न तुटणे, हे वर म्हटले ते इथे अक्षरशः खरे ठरते.

उघडझाप किती वेगाने करावी याविषयी जाणकारांतही दोन तट आहेत. सेकंदाला शे-दोनशे वेळा केली तर प्रत्येक झटका मोटरीला सूक्ष्म हादरा देतो, आणि त्या हादऱ्यांनी जागचे घर्षण मोडायला मदत होते. कमी दाबावरही चाक सुटते. पण ती गुणगुण माणसाच्या कानाला स्पष्ट ऐकू येते. आमच्या देखाव्यात भिंत निघते त्या क्षणी निवेदन थांबते आणि मंडप शांत असतो. तिथे मोटर गुणगुणली तर नानांची अट पहिल्याच सेकंदाला मोडली. म्हणून आम्ही उघडझाप सेकंदाला वीस हजारांवर नेली. कानाला ती पोचत नाही, आणि इतक्या जलद उघडझापीत प्रवाहाला वरखाली व्हायला सवडच मिळत नसल्याने जोर जवळजवळ सपाट राहतो. हादऱ्यांची मदत गेली ती गेलीच; तिची भरपाई दुसरीकडून करायची होती.

मधल्या तारेचीही कथा तीच. बॅटरी मंडपाच्या मागे, मोटरीपासून दहा मीटरवर ठेवायची असे पहिल्या आराखड्यात होते. एक चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध जाऊन-येऊन वीस मीटरला ०.३५ ओहम होतो. मोटरीच्या स्वतःच्या रोधाच्या निम्म्याहून अधिक. चिपेतले मिलिओहम मोजत बसायचे आणि तारेत शेकडो मिलिओहम सांडायचे, हा व्यवहार नव्हता. बॅटरी मोटरीच्या शेजारी आली, तार जाड झाली. इतके केल्यावर उगम आणि मोटर यांच्यामध्ये म्हणण्यासारखा रोध राहिला नाही. राहिला तो मोटरीच्या पोटातला ०.६ ओहम, आणि त्याने होणारी ३ सेंटीमीटरची उडी. चाचणीत ती दिसली. बारीक होती, पण नानांनी मान हलवली.

मोटरीच्या पोटातले तांबे बाहेर काढता येत नाही. पण ते किती दाब खाते आहे हे ओळखून तेवढा दाब वरून घालता येतो. प्रवाह मोजायचा, त्याला मोटरीच्या रोधाने गुणायचे, आणि येणाऱ्या उत्तराचा काही भाग दिलेल्या दाबात मिळवायचा. प्रवाह वाढला म्हणजे भार वाढला, मग दाब वाढव. प्रवाह उतरला म्हणजे भिंत सुटली, मग त्याच क्षणी दाब उतरव. कारखान्यांतल्या डीसी ड्राइव्हमध्ये ही भरपाईची खुंटी जुन्या काळापासून असते. आमच्या पट्टीच्या चिपा प्रवाहाची खबर एका पायावर देतात. ती खबर ढोबळ असते, एका चिपेचा आकडा दुसरीशी जुळत नाही, म्हणून प्रत्यक्ष भिंतीवर बसवूनच ती लावून घ्यावी लागते. पण कामापुरती ती भरवशाची आहे. रोधाच्या सत्तर टक्क्यांची भरपाई केली तर ०.६ ओहम जणू ०.१८ उरतो, आणि उडी ३ सेंटीमीटरवरून एका सेंटीमीटरच्या आत येते.

मग शंभर टक्के का करू नये? कारण तसे केले की यंत्राला आवरणारे काहीच उरत नाही. प्रवाहाने दाब वाढतो, दाबाने प्रवाह वाढतो, आणि भिंत थरथरू लागते. त्यातून तांब्याचा रोध तापमानागणिक बदलतो. दहा अंशांनी तो चार टक्के वाढतो. तापलेल्या मोटरीवर बेतलेली भरपाई थंड मोटरीला जास्त होते, आणि दिवसाचा पहिला खेळ नेहमी थंड मोटरीवर असतो. थोडे हातचे राखूनच ठेवावे लागते. किती राखावे, हे सूत्रातून निघत नाही.

ती खुंटी आम्ही नानांच्या हाती दिली. त्यात त्यांचा मान राखण्याचा भाग नव्हता. आम्हांला समीकरणे येत होती, पण दोर किती ताणला म्हणजे किती द्यायचा, हे चौघांपैकी एकालाही येत नव्हते. नाना आजवर करत आले होते ते हेच: दोरातला ताण तळव्याला कळायचा, भिंत सुटायच्या बेताला आली की ते हात सैल करायचे, आणि हे सगळे विचार पोचण्याआधी होऊन जायचे. पडद्यामागे खुर्ची टाकून ते बसले. डोळे भिंतीवर नव्हते. एक हात दोरावर नुसता टेकवलेला, दुसरा खुंटीवर. आम्ही भिंत पुन्हा पुन्हा मागे ढकलून आणायचो, ते पुन्हा सोडायचे. “जास्त देतीय,” ते मोटरीला स्त्रीलिंगी धरून म्हणायचे, किंवा “आता मागं राहिली”. संध्याकाळपर्यंत खुंटी एका जागी स्थिरावली. आम्ही मोजले तेव्हा भरपाई पासष्ट टक्क्यांच्या थोडी वर होती. कागदावर आम्ही सत्तर काढले होते.

मंडळासमोरच्या चाचणीत बोलणे फारसे झाले नाही. निवेदन थांबले, आणि काही वेळाने पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी शेजारणीला कोपराने ढोसून भिंतीकडे बोट दाखवले. तोवर भिंत वीतभर पुढे आली होती. पडद्याचा विषय त्या बैठकीत निघाला नाही.

ड्रायव्हर निवडताना लोक तो किती अँपिअर देतो हे विचारतात, आणि ते विचारलेच पाहिजे. आम्ही यापुढे आणखी तीन गोष्टी विचारू: थोडेसे देताना तो स्वतः किती ठेवून घेतो, बंद असण्याच्या काळात मोटरीचा प्रवाह कुठून जातो, आणि समोरचा भार त्याला कळतो का. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे माहितीपत्रकात सापडतात. तिसऱ्याचे अर्धेच सापडते. जे यंत्र किंवा जी माणसे भरधाव कामात निर्दोष वाटतात त्यांची परीक्षा थोडक्यात आणि सावकाशीत होते, असे म्हणण्याचा मोह होतो. पण माणसांविषयी इतक्या पुराव्यावर बोलू नये.

उत्सवात पाचव्या दिवशी दुपारपासून पाऊस लागला. लाकूड फुगले, रुळांवर गंजाची साय आली, आणि रात्रीच्या पहिल्या खेळाआधी ताणकाटा लावला तर ११ ऐवजी १३ किलो दाखवू लागला. आदल्या दिवशीची खुंटीची जागा आम्ही पेन्सिलीने खूण करून ठेवली होती. नानांनी ती खूण पाहिली नाही. दोरावर हात ठेवला आणि खुंटी केसभर फिरवली. ड्रायव्हरच्या डब्याला आम्ही आता पत्र्याचे झाकण केले आहे. खुंटी मात्र झाकणाबाहेर ठेवली आहे, आणि पुढच्या वर्षीपासून नानांच्या शेजारी आणखी एक खुर्ची टाकायची असे ठरले आहे.